पंगतीतली प्रीती

मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाने चर्चमधल्या प्रेमाविषयी काय बोलावे, असे कुणाच्या मनात येईल. पण रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या कविता आमच्या पिढीने शाळेच्या पुस्तकात वाचल्या. त्या वाचताना कवीचा धर्म कुणी विचारला नव्हता.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूच्या अखेरच्या रात्रीचे वर्णन आहे. गुरूने शिष्यांचे पाय धुतले आणि आपसांत माया ठेवायला सांगितले. त्या मायेवरूनच जग तुम्हाला ओळखेल, असा त्या सांगण्याचा भाव. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट महाराष्ट्रात आचरणात आणायची, तर आड जात येत होती.

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ मध्ये काम सुरू केले. पुढे त्या मुलखात जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुसंख्य महार-मांग समाजातले होते. काही थोडे ब्राह्मणही होते. आता या सगळ्यांनी एका बाकावर बसायचे, प्रभुभोजनाची एकच भाकर वाटून घ्यायची. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावर पडायला क्षण पुरतो; हजारो वर्षांची शिवाशीव मनातून जायला मात्र वेळ लागतो.

हा वेळ कसा लागतो, ते लक्ष्मीबाई टिळकांइतके प्रांजळपणे मराठीत क्वचितच कुणी सांगितले असेल. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, पण आपले सोवळे घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. पुढे राहुरीला असताना माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगले आणि त्यांनी शिवाशीव सोडली. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. क्रम लक्षात घ्या: आधी जात गेली, मग धर्म बदलला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हे सारे त्या हसत हसत सांगतात.

पुढे टिळकांच्या घराला दारच उरले नाही म्हणा ना! अनाथ मुले आली आणि घरची झाली. बालकवी ठोमरे त्यांच्याकडे राहिले ते हिंदू म्हणूनच. लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली.

टिळकांना तेवढ्याने समाधान नव्हते. मंडळी म्हणजे मिशनच्या पगारावर चालणारी संस्था नव्हे, ते एकमेकांचे कुटुंब व्हावे, अशी त्यांची तळमळ होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे भक्त तिथे भावंडांसारखे राहावेत, ही कल्पना. भजन आणि कीर्तन हे त्यांचे मार्ग. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबाराचे स्वप्न अपुरे राहिले. त्यांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

याच नगर जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांनी काही शतकांपूर्वी ‘योगसंग्राम’ लिहिला. मराठीने त्यांनाही संत म्हटले. म्हणजे भाषेच्या अंगणात आपण एकत्र बसू शकतो. अडते ते घरात.

हे मी ख्रिस्ती बांधवांना शिकवायला सांगत नाही. आमच्या नमाजच्या रांगेत खांद्याला खांदा लागतो. मालक आणि हमाल शेजारी उभे राहतात. पण मुलीचे स्थळ आले की बिरादरी विचारली जाते. इथे पनवेलमध्ये मंदिर, मशीद, चर्च आणि बेने इस्रायलींचे सिनेगॉग अशी सगळी प्रार्थनास्थळे आहेत. परधर्मीयाला ईदचा शिरखुर्मा किंवा नाताळचा केक पाठवणे आपल्याला जमते, आणि ते चांगलेच आहे. त्याहून कठीण आहे ते आपल्याच धर्मातल्या, पण खालच्या मानलेल्या माणसाला सोयरा म्हणून घरात घेणे.

लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या चुलीपासून सुरुवात केली. आपल्यालाही तिथूनच करावी लागेल.