फाळके यांच्या मूकपटांतील रंगभूषा, प्रकाश आणि चमत्कृती

दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांविषयी लिहिताना दोन विधाने बहुधा शेजारीशेजारी केली जातात. त्यांची चमत्कृतिदृश्ये त्या काळाच्या मानाने असामान्य होती, हे पहिले; आणि त्यांच्या पात्रांची रंगभूषा नाटकी व भडक होती, हे दुसरे. पहिल्याविषयी वाद नाही. दुसरे मात्र ज्या पुराव्यावर उभे आहे, तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

त्या काळी प्रचलित असलेली फिल्म निळ्या किरणांना तत्काळ आणि हिरव्यांना काही अंशी प्रतिसाद देई. तांबड्या रंगाला ती जवळजवळ आंधळीच होती. त्यामुळे कपाळावरील कुंकू पडद्यावर काळे उमटे, ओठ काळवंडत, गव्हाळ चेहरा आहे त्याहून सावळा दिसे आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे पडे. श्रीकृष्णाचे अंग चित्रांतल्याप्रमाणे निळे रंगविले असते, तर मेघश्यामाऐवजी गौरवर्ण बालकच प्रेक्षकांपुढे आला असता! तात्पर्य, लेपाचा रंग ठरवावयाचा तो फिल्मच्या दृष्टीने, माणसाच्या नव्हे. चित्रीकरणस्थळी विचित्र भासणारा चेहरा पडद्यावर स्वाभाविक वाटणे, किंवा याच्या उलट घडणे, हे दोन्ही संभवनीय होते. शिवाय आज पाहावयास मिळणाऱ्या प्रती झिजलेल्या आहेत, आणि प्रतीवरून प्रत काढताना मधल्या छटा गळतात. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) म्हणून दाखविली जाणारी रिळे वस्तुतः 1917 मधील पुनर्निर्मितीची असावीत, असेही काही अभ्यासक साधार म्हणतात. अशा साधनांवरून ‘भडक’ हा शेरा मारणे घाईचे होय.

फाळके यांना फिल्मची ही दृष्टी परिचित असणार, असे मानावयास त्यांचे पूर्वायुष्य पुरेसे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, पुढे छायाचित्रण व ठसेकाम, आणि मुद्रणाच्या कामासाठी 1909 मध्ये जर्मनीचा प्रवास. रंगीत गाळण्यांतून एकाच चित्राच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह घेणे हा तिरंगी छपाईचा पायाच आहे. 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणण्यापूर्वीच हा मनुष्य रंगाचे काळ्या-पांढऱ्यात काय होते हे जाणून होता.

चमत्कृतीचे तंत्रही याच ज्ञानावर उभे होते. जेथे प्रकाश पडला नाही तेथे फिल्म कोरी राहते. म्हणून काळ्या पडद्यापुढे एक आकृती टिपावयाची, हाताने फिरविलेल्या मुठीचे फेरे मोजून फिल्म मागे न्यावयाची आणि उरलेल्या जागी दुसरी आकृती टिपावयाची. कॅमेरा थांबवून पात्र अदृश्य करण्याच्या युक्तीत वेगळीच अडचण असे. दिवा होता सूर्य, आणि तो काही थांबत नाही! अदलाबदलीस उशीर झाला की सावल्या सरकत व लबाडी उघडी पडे. ‘श्रीकृष्णजन्म’ (1918) मध्ये भयभीत कंसाला स्वतःचे शिर धडावेगळे होताना दिसते, त्या दृश्याचे मोल या अडचणी ध्यानात घेतल्यावरच कळते.

हल्ली विद्यार्थी आपल्या लघुपटांत मूकपटाचा आभास आणण्यासाठी नटाच्या तोंडाला पांढरा लेप फासतात आणि चित्रणातील रंग नंतर काढून टाकतात. तेवढ्याने काही साधत नाही. भिंगापुढे निळी गाळणी धरून उन्हात चित्रण करावे, म्हणजे कुंकवाचा काळा ठिपका लगेच दिसेल आणि लेप कोणता हवा तेही आपोआप ठरू लागेल.

पुराव्याचा एक तुकडा मात्र फाळके यांनी स्वतःच मागे ठेवला आहे. ‘कालियामर्दन’ (1919) च्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी प्रथम साध्या रूपात निरनिराळे भाव दाखविते आणि मग कृष्णवेषात प्रकट होते. चेहरा एकच, चित्रपट एकच, आणि प्रतीची झीजही दोन्ही रूपांना सारखीच लागू. रंगभूषेने नेमके काय पालटले, याचे मोजमाप घ्यावयाचे तर ते येथून घ्यावे.