जळगावच्या चौकातील लाल दिवा

डिसेंबर १८६८. लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ रस्त्यावरचा पहिला सिग्नल उभा राहिला. त्याची कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याची होती. दिवसा रेल्वेच्या सिग्नलसारखे वरखाली होणारे हात, रात्री गॅसचे तांबडे-हिरवे दिवे आणि ते चालवायला एक पोलीस. जानेवारी १८६९ मध्येच गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस जखमी झाला आणि प्रयोग फार काळ टिकला नाही. तरीही रस्त्याने रूळांकडून घेतलेली ही उसनवारी पुढे जगभर पसरली.

त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वेचे रूळ खानदेशात पोहोचले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, खानदेशी कापसाचा भाव चढला आणि जळगाव त्याची मोठी बाजारपेठ बनले. पुढे सुरतेकडील मार्ग जोडला जाऊन ते जंक्शनही झाले. ज्या रूळांनी शहर वाढवले त्यांनीच ते दुभंगले. रूळ ओलांडायला वाटा मोजक्याच, त्यामुळे वाहतूक आपोआप त्यांच्या तोंडाशी गोळा होते. ब्रिटिशकालीन शिवाजीनगर पूल २०१९ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा एक वाट मिटली की उरलेल्यांवर काय भार येतो, हे जळगावकरांनी अनुभवले.

त्यात भर पडली महामार्गाची. हजिरा-कोलकाता मार्ग, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ६ (आताचा ५३), जळगावच्या वस्तीतून जातो. प्रभात चौक, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौक ही नावे जळगावकरांना पत्त्यांसाठी जितकी ठाऊक, तितकीच अपघातांच्या बातम्यांमुळेही. सुरतेहून नागपूरकडे निघालेला ट्रक आणि शाळेत निघालेली सायकल एकाच हिरव्या दिव्याची वाट पाहत राहिली. समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलने करावी लागली ती यामुळेच.

मग सिग्नल ‘हुशार’ केले तर? या प्रश्नाला इतिहासात एक गणिती उत्तर आहे. १९५८ मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेब्स्टर यांनी सिग्नलचे एक पूर्ण आवर्तन किती सेकंदांचे असावे, याचे सूत्र मांडले. दिवा बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करायची, त्यात पाच मिळवायचे आणि चौकाच्या क्षमतेपैकी जो हिस्सा मोकळा उरतो त्याने भागायचे. चार दिशांना पाळीपाळीने सोडणाऱ्या चौकात प्रत्येक पाळीला चार, म्हणजे एकूण सोळा सेकंद वाया जातात असे धरू. क्षमतेचा ७० टक्के भाग भरला असेल, तर आवर्तन सुमारे ९७ सेकंदांचे येते. ९० टक्के भरला, तर २९० सेकंद! जवळजवळ पाच मिनिटे कोण थांबणार?

सिडनीत १९७० च्या दशकात विकसित झालेल्या ‘स्कॅट्स’सारख्या प्रणाली रस्त्याखालील संवेदकांनी वाहने मोजून ही वाटणी सतत बदलत राहतात. रिकाम्या रस्त्याला मिळणारा हिरवा दिवा वाचतो, थांबणे-निघणे कमी होते, इंजिने उभ्या जागी धूर ओकत नाहीत. जळगावला याचे मोल आहे. हवेची मानके सलग पाच वर्षे न पाळू शकलेल्या शहरांसाठी केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये जो राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला, त्याच्या यादीत जळगाव आहे. मात्र संगणक वेळ वाटून देऊ शकतो, रस्ता रुंद करू शकत नाही. त्याच चौकातून पल्ल्याची वाहने काढून भार ९० वरून ६० टक्क्यांवर आणला, तर वेब्स्टरचे आवर्तन ७२ सेकंदांवर येते. तरसोद-फागणे चौपदरीकरणात जळगावबाहेरून जाणारा वळणरस्ता आखला गेला, त्यामागचा हिशेब हाच.

खानदेशाचे दुसरे मोठे शहर धुळे. त्याची घडण निराळी. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जने येथे नवी वसाहत आखली तेव्हा गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. घरांसाठी बिनसाऱ्याच्या जागा दिल्या गेल्या, सरळ रस्ते पडले. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही त्याची आठवण देतात. मुंबई-आग्रा वाहतूक एकेकाळी शहरातूनच जात असे. आज महामार्ग बाहेरून जातो आणि ‘आग्रा रोड’ हे नाव बाजारपेठेकडे उरले आहे. तिथली कोंडी आता ट्रकांची नाही, खरेदीची, हातगाड्यांची आणि रिक्षांची आहे.

म्हणजे बाहेरचा रस्ता झाला तरी आतल्या चौकाचा हिशेब नव्याने मांडावाच लागतो आणि त्यात पायी चालणारा सहज सुटतो. वीस मीटर रुंद रस्ता ओलांडायला सेकंदाला सव्वा मीटर चालणाऱ्या तरुणाला सोळा सेकंद लागतात. ऐंशी सेंटिमीटर चालणाऱ्या आजींना पंचवीस. ट्रकांच्या रांगेवरून बेतलेल्या वेळेत हे नऊ सेकंद क्वचितच धरलेले असतात.