नाडीस्वेद व खनिजोदकाचे तुषार

नाक व कंठ यांच्या जीर्ण दाहावर खनिज झऱ्यांचें पाणी श्वासावाटे घेण्याची चिकित्सा फ्रान्स व इटली या देशांत रूढ आहे. तिचें मूळ आमच्या नाडीस्वेदांत आहे, असें प्रतिपादन अधूनमधून कानीं येतें. स्वदेशाभिमान स्तुत्य खरा. तथापि ग्रंथ उघडून पाहिल्यावर हा दावा टिकत नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील १४ व्या अध्यायांत स्वेदार्ह रोग सांगतांना आरंभींच प्रतिश्याय गणिला आहे, हें निर्विवाद. नाडीचें वर्णनही मोठें मनोहर आहे. हत्तीच्या सोंडेच्या आकाराची ही नळी एक वाव किंवा अर्धा वाव लांब असून दोन-तीन ठिकाणीं वांकविलेली असावी, म्हणजे वाफेचा वेग मोडतो व कातडी भाजत नाहीं. या शेवटच्या कारणांतच निर्णय आहे. येथील वाफ त्वचेसाठीं योजिली आहे, श्वासासाठीं नव्हे. श्वासमार्गाचा उपचार ५ व्या अध्यायांत धूमपानाच्या रूपानें येतो. तेथें नेत्राची, म्हणजे नळीची, लांबी प्रयोगभेदानें २४, ३२ व ३६ अंगुलें दिली असून, धूम नाकानें ओढला तरी तोंडावाटेच सोडावा असा निर्बंध आहे. परंतु तो औषधीवर्तीचा धूर. पाण्याचा तेथें संबंध नाहीं. वज्रेश्वरीच्या परिसरांत अकलोली व गणेशपुरी येथें उष्णोदकाचीं कुंडें आहेत, पण तेथील परंपरा स्नानाची.

फ्रान्सांतील क्रम निराळा आहे. माँ-दोर येथें १९ व्या शतकाच्या पूर्वार्धांत झऱ्याच्या वाफेनें भरलेल्या खोल्यांत रोग्यांस बसवीत. यांत एक अडचण होती. पाण्याची वाफ होतांना त्यांतील क्षार मागें राहतात. वायुरूप द्रव्यें तेवढीं वर येतात. म्हणजे ज्या क्षारांचें माहात्म्य ऐकून रोगी दूरवरून येत, तेच त्यांस मिळत नसत! उपाय निघाला तो पाणी तापविण्याचा नव्हे, फोडण्याचा. इ. स. १८४९ त ओफाँ यानें यूझे येथें पाण्याची धार भिंतीवर आदळवून खोलींत तुषार भरले. पुढें प्येरफाँ येथील वैद्य साल-जिराँ यानें इ. स. १८५८ त हातपंपानें चालणारें व कोठेंही नेतां येईल असें तुषारयंत्र प्रसिद्ध केलें. हे तुषार फुप्फुसांपर्यंत पोंचतात कीं नाहीं, यावर पॅरिसच्या वैद्यमंडळांत कडाक्याचा वाद झाला. दमार्के यानें तर सशांवर प्रयोग करून पाहिले. मिलिमीटराच्या ५ सहस्रांशांहून बारीक कण खोल उतरतात व मोठे बहुधा नाक आणि घसा यांतच अडकतात, हें आज ठाऊक आहे. नासाकंठाच्या रोग्यास हें अडकणेंच इष्ट असल्यामुळें प्रतिपक्षाचा आक्षेप त्याच्यापुरता गुणच ठरतो. फ्रान्सांत हा उपचार आजही १८ दिवसांचा असतो. अलीकडील परीक्षणांत त्यानें लक्षणें कमी झाल्याचें दिसतें. मात्र तपासलेल्या रोग्यांची संख्या थोडी आहे.

तुषाराचें श्रेय तेव्हां फ्रान्सकडेच राहतें. आमच्या वैद्यघराण्यांच्या बाडांत पीनसावरील पाठ पुष्कळ असतात. नळीचा नुसता उल्लेख पाहून संग्राहकांनीं हर्षभरित होऊं नये. पाठ उतरून घेतांना नळी कशाची, ती नाकास लावावयाची कीं अंगास, आणि तींतून वाफ येते कीं धूर, एवढें समासांत टिपून ठेवावें.