ग्रहण, गुरुवारची सुट्टी आणि रेडिओची खरखर

मंडळी, 26 डिसेंबर 2019 चं सूर्यग्रहण आठवतंय? आपल्याकडे ते खंडग्रास होतं. सकाळी आठनंतर लागलं, अकराच्या आत सुटलं. वार गुरुवार. पिंपरी-भोसरीकरांना सांगायला नको, गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी.

मी गच्चीवर लांब वायरची अँटेना ताणली, लॅपटॉपला एसडीआर डोंगल लावलं आणि मीडियम वेव्हवरचं एक लांबचं केंद्र रेकॉर्ड करत बसलो. पुणे आकाशवाणी, 792 किलोहर्ट्झ, यासाठी कामाची नाही. जवळच्या केंद्राच्या लहरी जमिनीलगत येतात, त्यांना ग्रहणाचं सोयरसुतक नसतं. लांबच्या लहरी वरच्या आयनांबरातून परततात. दिवसा साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा थर त्या शोषून घेतो. ग्रहणात ऊन कमी झालं की हा थर विरळ होतो आणि भरदिवसा लांबचं केंद्र रात्रीसारखं वर येऊ लागतं.

ग्रहणाचा अभ्यास आपल्याला नवा नाही. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला उपकरणं मांडून बसले होते. 1912 मध्ये ते निवृत्त झाले, त्यांची वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. त्याच वर्षी एप्रिलच्या ग्रहणात इंग्लंडमध्ये विल्यम एक्लस रेडिओ सिग्नलवरचा परिणाम नोंदवत होते. पुढे 1965 मध्ये गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या 32 लहान डिश कल्याणला उभ्या करून सूर्याच्याच रेडिओ लहरी टिपल्या. त्यांच्याच पुढाकारातून खोडदची जीएमआरटी झाली: 45 मीटर व्यासाच्या 30 डिश.

आता माझं काय झालं ते. ग्रहणाच्या मध्याला सिग्नलची रेघ वर गेलेली दिसली. खूश झालो. पण आधीच्या गुरुवारची त्याच वेळची नोंद माझ्याकडे नव्हती. मग ती रेघ ग्रहणाने चढली की इतर कशाने, सांगणार कसं? शुक्रवारी कारखाने सुरू झाले आणि ते केंद्र खरखरीत बुडालं. वेल्डिंग, मोटारींचे ड्राइव्ह, स्वस्त एलईडी. माझ्या घरातला चार्जरसुद्धा त्यात होताच.

म्हणून हे लिहितोय. 2 ऑगस्ट 2027 ला पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे, दुपारी उशिरा. ऐन पावसाळा, म्हणजे चष्मा घेऊन ढगच बघायची पाळी येऊ शकते. रेडिओला ढग आड येत नाहीत. मात्र वार सोमवार आहे, कारखाने चालू असणार. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या कामाच्या दिवसांची त्याच वेळची नोंद ठेवा, घड्याळ नीट जुळवा, अँटेना घरापासून लांब न्या. शाळांनी आत्तापासून सराव केला तर उत्तमच.

आणि एक. पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग जीएमआरटीमुळे बदलायचं ठरलं, तेव्हा "दुर्बिणीसाठी विकास अडवला" असं आपल्याकडे बरंच बोललं गेलं. रेल्वे हवीच, मलाही हवी. पण एका गच्चीवरची साधी नोंद शुक्रवारच्या खरखरीत बुडते, तर दूरच्या आकाशगंगांचा क्षीण आवाज ऐकणाऱ्या खोडदला शांतता का लागते, हे मला त्या आठवड्यात कळलं. पाणी, हवा तशीच हीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता आहे. गेली की पटकन परत मिळत नाही.