यंत्र टिकते कोणाच्या बळावर?



यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांना एक सवय जडलेली असते. यंत्र कोणत्या साली आले, कोणी आणले, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, हे सारे ते काटेकोरपणे नोंदवतात. ते यंत्र कोणत्या साली बंद पडले, कशाने पडले आणि पुढे कोणत्या कोपऱ्यात फडक्याखाली जाऊन बसले, याची वास्तपुस्त मात्र कोणी करीत नाही. संगणक नावाच्या यंत्राचा आपल्या महाराष्ट्रातील इतिहास आजवर असाच, आगमनाच्या बाजूने सांगितला गेला आहे. आज आम्ही तो दुसऱ्या बाजूने, म्हणजे टिकण्याच्या आणि मोडण्याच्या बाजूने सांगणार आहोत. आणि तो सांगण्यासाठी पुण्या-मुंबईच्या सभागृहात न बसता जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या माळावर जाऊन उभे राहणार आहोत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या पूर्व अंगाला, नाशिक जिल्ह्याच्या सरहद्दीजवळ हे दोन तालुके डोंगरात वसले आहेत. जव्हार हे महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याचे संस्थान. परंपरेप्रमाणे १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने त्याला मान्यता दिली आणि १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाचा मूळपुरुष जयबा याच्याविषयी एक दंतकथा सांगतात. त्याने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि ती मान्य होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढला. कथा खरी की खोटी हा वाद आपण बाजूस ठेवू. थोड्या साधनातून पुष्कळ काम काढणे हा गुण या मुलखाला आपला वाटतो, एवढे तीवरून समजते.

या मुलखात टिकाऊपणाची कल्पनाही वेगळी आहे. येथे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. म्हणून मृग लागण्यापूर्वी घरावरची कौले फिरवावी लागतात, कुडाच्या भिंती लिंपाव्या लागतात, कोयते-विळे लोहाराकडे नेऊन शेवटून आणावे लागतात. उन्हाळ्यात मोखाड्याकडे बोहाड्याचा उत्सव होतो. त्यात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात. त्या सोंगांचे मुखवटे वर्षानुवर्षे जपले जातात, चीर गेली तर सांधले जातात, रंग उडाला तर पुन्हा रंगवले जातात. यांपैकी एकही वस्तू अशी नाही की जी आणून ठेवली आणि टिकली. प्रत्येक वस्तू टिकते ती तिची दरसाल डागडुजी होते म्हणून, आणि डागडुजी करणारा माणूस दिवसभराच्या चालीत सापडतो म्हणून. ही कसोटी आपण मनाशी धरू आणि संगणकाच्या इतिहासाकडे वळू.

महाराष्ट्राच्या भूमीवर आरंभीच जे मोठे गणकयंत्र तयार झाले ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. डॉ. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी ते बांधले. १९६० साली ते चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते, आणि स्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची. निर्वात नळी म्हणजे मोठी नाजूक वस्तू. दिव्याप्रमाणे ती केव्हा जाईल याचा नेम नसे. अशा हजारो नळ्यांचे यंत्र चालते राहिले ते कशामुळे? ते थंड हवेच्या दालनात होते हे एक कारण झाले. दुसरे आणि मोठे कारण हे की, ज्यांनी ते घडवले तेच त्याच्या शेजारी बसलेले होते. नळी गेली की ती कोठली, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे आपला पहिला मोठा संगणक ठिसूळ भागांचा होता, पण त्याची दुरुस्ती हाताशी होती. बोहाड्याच्या मुखवट्याच्या कसोटीला तो पुरेपूर उतरत होता.

१९८१ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, आणि यंत्र व त्याचे घडवणारे यांची ताटातूट झाली. यंत्र आता टेबलावर आले. घडवणारा समुद्रापार राहिला. आपल्याकडे बँका, कचेऱ्या आणि मग शाळा यांतून ते पसरत गेले. २००१ साली ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावी संगणकवर्गाच्या पाट्या दिसू लागल्या. संगणक चालवण्यास शिकलेला तरुण आता घरोघर दिसतो. संगणक उघडण्यास शिकलेला तरुण मात्र त्या मानाने विरळा. हा भेद पुढे फार महाग पडला.

सह्याद्रीच्या माथ्यावर या यंत्राचे काय होते ते थोडे तपशिलाने पाहू. चार महिने हवेत दमट वाफ भरलेली असते. बंद खोलीत ठेवलेल्या यंत्राच्या जोडण्यांवर ओल धरते, तांबे हिरवे पडते, मातृपटलावर बारीक गंज पसरतो. रोज चालू असलेले यंत्र आपल्याच उष्णतेने स्वतःला कोरडे ठेवते. म्हणून कुलपात जपलेला संगणक वापरातल्या संगणकाआधी मरतो, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. विजेचा दाब कधी चढतो, कधी उतरतो, आणि वळवाच्या दिवसांत तारांमधून विजेचा लोळही आत शिरतो. दाबाच्या हेलकाव्यापासून रक्षण करण्यासाठी जी बॅटरीची पेटी लावतात तिच्यात बहुधा शिसे आणि आम्ल असते. ती रिकामी होऊन तशीच पडली, तर शिशाच्या पट्ट्यांवर गंधकी क्षारांचा कठीण थर बसतो आणि मग ती पुन्हा भरत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद होते. जूनमध्ये दार उघडावे तो राखणदारच मेलेला असतो. जुन्या पद्धतीच्या तबकडीत वाचणारे टोक तबकडीपासून काही अब्जांश मीटर इतक्याच उंचीवर तरंगते. घाटरस्त्याने जीपमधून चालू लॅपटॉप नेणे तिला मानवत नाही. याशिवाय २००० सालच्या पुढेमागे जगभर सदोष विद्युत्-धारित्रांचा एक काळ येऊन गेला. त्यांच्या आतला द्रव वाईट निघाल्याने त्यांची टोपणे फुगत आणि यंत्र अकाली बसे. आणखी एक क्षुल्लक गोष्ट सांगण्यासारखी आहे. संगणकात घड्याळासाठी रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. चार-पाच वर्षांनी ती संपते, यंत्र आजची तारीख विसरते, आणि काही रुपयांच्या त्या चकतीअभावी ‘संगणक बिघडला’ असा शेरा पडतो.

यावर उपाय म्हणून जगातल्या काही विद्वानांनी मुळात न मोडणारेच यंत्र करावे असा घाट घातला. अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टी यांनी २००५ साली ट्युनिस येथे गरीब मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा नमुना दाखवला. वीज नसलेल्या गावासाठी त्याला हाताने फिरवायचा दांडा होता. तो दांडा त्या समारंभातच निखळला आणि पुढील यंत्रात तो राहिला नाही. आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ साली ही योजना नाकारली. तरी २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत तिचा प्रयोग झाला आणि विसेक मुलांच्या हाती ती हिरवी-पांढरी यंत्रे आली. खैराट आणि जव्हार-मोखाडा यांचे डोंगर एका सह्याद्रीचेच, पाऊसही एकाच जातीचा. म्हणून हा प्रयोग आपल्याला जवळचा आहे.

त्या यंत्राची बांधणी विचारपूर्वक केली होती यात शंका नाही. त्यात फिरणारी तबकडी नव्हती, पंखा नव्हता. कवच नेहमीपेक्षा जाड होते. कळफलक रबरी आणि बंदिस्त असल्याने धूळ-पाणी आत जात नसे. पडदा भर उन्हात वाचता येई. मुठीच्या पोकळीत जादा स्क्रूसुद्धा भरून ठेवले होते, म्हणजे एखादा हरवला तर मुलानेच दुसरा बसवावा! आम्हांला हा तपशील फार बोलका वाटतो. ज्याने ते स्क्रू ठेवले त्याला डागडुजीचे मर्म कळले होते. पण पडदा, भारक आणि कळफलक काही मुठीत मावत नाहीत. हीच यंत्रे दक्षिण अमेरिकेत लाखांनी वाटली गेली. पॅराग्वेतील शाळांच्या अभ्यासात नेमके हेच भाग वारंवार निकामी झालेले आढळले, आणि सुटे भाग मिळेनात तेव्हा यंत्रे पडून राहिली. शेजारच्या उरुग्वेने यंत्रवाटपाबरोबर दुरुस्तीची व्यवस्थाही सरकारी खर्चाने उभी केली, म्हणून तेथे ती योजना मूळ धरून राहिली. यंत्र एकच होते. फरक यंत्राभोवतीच्या माणसांत होता.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला वारणानगरच्या साखर-सहकाराने याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले. १९९८ साली त्या परिसरातील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याची योजना निघाली. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा असे दिसले की शेतकऱ्याला त्या यंत्राकडून हवे असते ते थोडके : उसाचे वजन किती भरले, तोडणीची पाळी केव्हा, खत किती उचलले. एवढ्यासाठी वीज, बॅटरी आणि दुरुस्ती यांचा बोजा सोसायचा होता. म्हणून सात गावांत प्रायोगिक रीतीने संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन आणि त्याचे लघुसंदेश आणले गेले, आणि काम भागले. गरजेएवढेच यंत्र ठेवावे, म्हणजे ते सांभाळता येते, हा वारणेचा धडा.

येथे कोणी म्हणेल, फोन आला, आता प्रश्न मिटला. प्रश्न मिटला नाही, हे दाखवणारी घटना अगदी अलीकडची आहे, आणि तिचा जव्हार-मोखाड्याशी काळजाचा संबंध आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि साऱ्या देशाचे लक्ष या मुलखाकडे वेधले गेले. तेव्हापासून येथे मुलाचे वजन ही केवळ आकड्याची गोष्ट राहिलेली नाही. ते वजन वेळेवर नोंदले गेले तर आहार आणि औषध हालते. नोंद चुकली तर मूल नजरेआड होते. ही नोंद ठेवण्यासाठी राज्यातील अंगणवाडी सेविकांना एक लाखाहून अधिक फोन दिले गेले. त्यांची स्मृती दोन जीबीची. वर येणारी कामे मात्र वाढत गेली. फोन तापत, अडकत, बंद पडत. मे २०२१ मध्ये हमीची मुदत संपली आणि दुरुस्तीचा भार तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या त्या बायांवर येऊ लागला. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. आमच्या मते महाराष्ट्रातील संगणकयुगाच्या इतिहासात या आंदोलनाची तारीख टिफ्रॅकच्या नामकरणाइतकीच ठळक अक्षरांत लिहिली पाहिजे. यंत्राच्या आयुष्याचा प्रश्न अखेर कोणाच्या आयुष्याशी जाऊन भिडतो, हे तिने दाखवले.

आता शेवटचा मुद्दा. पूर्वी यंत्र मोडले म्हणजे ते मोडलेले दिसे. आज धडधाकट यंत्रही एका दिवशी मृत ठरवले जाते. विंडोज एक्सपी या प्रणालीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला गेला. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पडदा उजळतो, कळा चालतात, परंतु नवी कामे त्यावर होत नाहीत किंवा सुरक्षित राहत नाहीत. अशा जुन्या यंत्रावर मुक्त, हलकी प्रणाली घालून ते आणखी काही वर्षे शाळेत राबवता येते. पण ते करणारा माणूस हवा. आणि सरकारी शाळेची अडचण आणखी वेगळी : यंत्र जडवस्तूंच्या नोंदवहीत चढलेले असते. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत ते टाकता येत नाही, आणि हात लावल्यास जबाबदारी आपल्यावर येईल या धास्तीने ते उघडलेही जात नाही. दोन मेलेल्या संगणकांच्या भागांतून एक जिवंत करण्याची साधी युक्ती मग कागदावर अडते. अशा रीतीने कातड्याच्या वाद्या कापून मुलूख वेढणाऱ्या जयबाच्या गावी आख्खे कातडे कपाटात पडून राहते.

तर मग करावे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिली गोष्ट, जो कोणी शाळेला वा अंगणवाडीला यंत्र देईल, मग ते सरकार असो की दानशूर गृहस्थ, त्याने किमतीचा काही भाग पुढील पाच वर्षांच्या डागडुजीसाठी वेगळा काढून द्यावा. नाही तर यंत्र देऊ नये. दुसरी, बॅटऱ्या, भारक आणि पडदे यांचा लहानसा साठा तालुक्याच्या गावी असावा, जिल्ह्याच्या गावी नव्हे. तिसरी, जव्हारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या इथल्याच मुलामुलींच्या हाती हे काम आणि त्याची मजुरी सोपवावी. कौले फिरवणारा, विळा शेवटणारा आणि मुखवटा रंगवणारा ज्या गावात आहे, तेथे संगणक सांधणाराही निपजेल. त्याला फक्त उघडण्याची परवानगी पाहिजे.

आणि चौथी गोष्ट इतिहासाच्या वाचकांसाठी. आपल्या गावच्या शाळेत संगणक कधी आला हे पाटीवर लिहिलेले असते. तो आज चालतो आहे काय, आणि नसेल तर कशापायी थांबला आहे, एवढे एकदा विचारून यावे. पुष्कळ ठिकाणी उत्तर काही रुपयांच्या त्या चपट्या चकतीवर येऊन थांबेल, आणि मग ते काम तुमचे-आमचेच आहे.