एक्सक्लुझिव्ह गेम म्हणजे काय? कन्सोल आणि कॉम्प्युटरचा वाद समजून घ्या सविस्तर

दहावीचा निकाल लागला किंवा दिवाळीचा बोनस हातात आला, की बऱ्याच घरांत एक वाद हमखास रंगतो. पोरांना प्लेस्टेशन हवा असतो. वडिलांचं म्हणणं असतं, त्याच पैशांत कॉम्प्युटर घेऊ, अभ्यासालाही होईल. त्यावर पोरांचं उत्तर तयार असतं, "पण तो गेम कॉम्प्युटरवर येतच नाही!"

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, हा संवाद सगळीकडे सारखाच. पोरांचं हे उत्तर कधी पूर्ण खरं असतं, कधी अर्धंच, आणि कधी फक्त वर्षभरापुरतं खरं असतं. घरात एकच यंत्र येणार असेल आणि ते सहा-सात वर्षं वापरायचं असेल, तर हा फरक समजून घेतलेला बरा.

एक्सक्लुझिव्ह म्हणजे नेमकं काय?

जो गेम एकाच यंत्रावर किंवा एकाच दुकानातून मिळतो, त्याला एक्सक्लुझिव्ह म्हणतात. मात्र या एका शब्दाखाली वेगवेगळे प्रकार खपवले जातात.

- कायमचा एक्सक्लुझिव्ह : गेम बनवणारी कंपनी आणि यंत्र विकणारी कंपनी एकच. निन्टेंडोचे मारिओ आणि झेल्डा ही ठळक उदाहरणं. 'ब्लडबोर्न' हा २०१५ चा गाजलेला गेम सोनीने प्लेस्टेशन ४ साठी काढला, तो कॉम्प्युटरवर आलाच नाही.
- मुदतीचा एक्सक्लुझिव्ह : यंत्रवाली कंपनी करार करून काही काळ गेम स्वतःकडे ठेवते. 'राइज ऑफ द टूम्ब रेडर' नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला, जानेवारी २०१६ मध्ये कॉम्प्युटरवर आणि प्लेस्टेशनवर थेट ऑक्टोबर २०१६ मध्ये.
- कन्सोल एक्सक्लुझिव्ह : कन्सोलपैकी एकावरच, पण कॉम्प्युटरवरही उपलब्ध. सप्टेंबर २०२३ मध्ये 'स्टारफील्ड' असाच आला, एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटर दोन्हीवर. जाहिरातीत मात्र 'एक्सक्लुझिव्ह' एवढाच शब्द मोठा दिसतो.

याशिवाय काही गेम उशिरा येतात, पण त्यामागे कुणाशी झालेला करार असतोच असं नाही. 'जीटीए ५' सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर. 'जीटीए ६' साठी कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली, तेव्हाही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एवढीच नावं घेतली.

ही पद्धत आली कुठून?

१९८० मध्ये अटारी कंपनीने 'स्पेस इनव्हेडर्स' हा आर्केडमधला लोकप्रिय गेम आपल्या घरगुती यंत्रासाठी परवाना घेऊन आणला. लोकांनी त्या एका गेमसाठी यंत्र विकत घेतलं. गेममुळे यंत्र खपतं, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

निन्टेंडोने त्यावर कुलूप घातलं. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्रात एक चिप होती. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट घातली तर यंत्र चालायचंच नाही. परवानगी हवी असेल तर अटी मान्य करा, असा खाक्या. वर्षाला पाचच गेम आणि ते दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचे नाहीत, ही त्यातली मुख्य अट.

पुढे सोनीने हाच डाव निन्टेंडोवर उलटवला. निन्टेंडो ६४ कॅसेटवर अडून राहिला, सोनीच्या प्लेस्टेशनमध्ये सीडी होती. मोठा गेम करायचा तर जागा सीडीतच, म्हणून स्क्वेअर ही जपानी कंपनी जुना घरोबा सोडून सोनीकडे गेली. तिचा 'फायनल फँटसी ७' १९९७ मध्ये तीन सीडींवर आला आणि प्लेस्टेशनचं नाव घरोघरी पोचलं.

'हेलो'ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी अॅपलच्या मंचावर हा गेम दाखवला होता, म्हणजे मूळ बेत कॉम्प्युटरचा. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी ही कंपनीच विकत घेतली. नोव्हेंबर २००१ मध्ये नव्या एक्सबॉक्सबरोबर 'हेलो' बाजारात आला. कॉम्प्युटरवाल्यांना तो मिळाला २००३ मध्ये.

यंत्र स्वस्तात, वसुली गेममधून

कंपन्या एवढा आटापिटा का करतात? कारण कन्सोल हा धंदा प्रिंटरसारखा आहे. प्रिंटर स्वस्तात देतात आणि शाईत कमावतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एपिक विरुद्ध अॅपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्ष दिली, की एक्सबॉक्स यंत्रांच्या विक्रीवर कंपनीला नफा होत नाही. पैसा येतो तो दुकानावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागच्या कमिशनमधून आणि ऑनलाइन खेळण्याच्या वर्गणीतून. कमिशनचा रूढ दर आहे ३० टक्के.

म्हणजे एकदा तुम्ही यंत्र घरात नेलंत, की पुढची कितीतरी वर्षं तुमची प्रत्येक खरेदी त्याच गल्ल्यात जाते. एक्सक्लुझिव्ह गेम हे तुम्हाला त्या दारातून आत आणायचं आमिष. त्या एका गेमवर किती कमावलं, हा कंपनीसाठी दुय्यम प्रश्न असतो.

कॉम्प्युटरवर सगळं मोकळं आहे का?

कॉम्प्युटर कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, त्यामुळे तिथं कुलूप घालणारा मालकच नाही, असं म्हणतात. पण दुकानं आहेतच. व्हॉल्व्ह कंपनीचं 'स्टीम' २००३ मध्ये सुरू झालं. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' खेळण्यासाठी स्टीम सक्तीचं झालं, तेव्हा लोकांनी भरपूर बोटं मोडली. आज तेच सगळ्यांच्या सवयीचं झालंय.

डिसेंबर २०१८ मध्ये एपिक कंपनीने फक्त १२ टक्के कमिशनवर आपलं दुकान उघडलं आणि पैसे देऊन गेम स्वतःकडे ओढायला सुरुवात केली. 'मेट्रो एक्सोडस'ची स्टीमवर आगाऊ विक्री सुरू होती, ती बाजारात यायच्या काही दिवस आधी थांबवली गेली आणि गेम वर्षभरासाठी एपिककडे गेला. यंत्र तेच, फक्त दुकान वेगळं, तरी ग्राहक चिडले.

शिवाय कॉम्प्युटरचेही स्वतःचे एक्सक्लुझिव्ह आहेत. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', 'डोटा २', 'लीग ऑफ लेजंड्स' हे कन्सोलवर मिळत नाहीत. माऊस आणि कीबोर्डशिवाय त्यांचं जमणं कठीण.

भिंत उतरली कशी?

गेम बनवण्याचा खर्च आता मोठ्या सिनेमांच्या पंक्तीत जाऊन बसलाय. २०२३ च्या एका अमेरिकी खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' ला सुमारे २१ कोटी डॉलर लागले. एवढा पैसा एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करणं अवघड.

म्हणून सोनीने २०२० पासून आपले जुने गेम कॉम्प्युटरवर आणायला घेतले. थांबायला किती लागलं ते पाहा:

- होरायझन झीरो डॉन : प्लेस्टेशनवर फेब्रुवारी २०१७, कॉम्प्युटरवर ऑगस्ट २०२०. साडेतीन वर्षं.
- गॉड ऑफ वॉर : एप्रिल २०१८, नंतर जानेवारी २०२२. पावणेचार वर्षं.
- गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक : नोव्हेंबर २०२२, नंतर सप्टेंबर २०२४. २२ महिने.
- स्पायडर-मॅन २ : ऑक्टोबर २०२३, नंतर जानेवारी २०२५. १५ महिने.
- हेलडायव्हर्स २ : फेब्रुवारी २०२४, दोन्हीकडे एकाच दिवशी.

मायक्रोसॉफ्ट याच्याही पुढे गेली. तिचे स्वतःचे नवे गेम एक्सबॉक्सबरोबरच विंडोज कॉम्प्युटरवर येतात. २०२४ मध्ये तिने चार गेम दुसऱ्या कंपन्यांच्या कन्सोलवर नेण्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चक्क 'हेलो' प्लेस्टेशनवर आणायची घोषणा केली. २०२३ मध्ये न्यायालयात मूळचे हैदराबादचे सत्या नाडेला यांनी साक्ष दिली होती, की आपल्या हातात असतं तर एक्सक्लुझिव्हची पद्धतच काढून टाकली असती, पण बाजारातल्या मोठ्या खेळाडूने स्पर्धेची रीत तशी पाडली आहे. अर्थात त्याच वर्षी त्यांचा 'स्टारफील्ड' प्लेस्टेशनला मिळाला नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

निन्टेंडो मात्र जागचा हललेला नाही. त्यांचे मारिओ-झेल्डा खेळायचे तर त्यांचंच यंत्र घ्यावं लागतं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं काय?

एक्सक्लुझिव्हच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. 'बायोनेटा २' या गेमला पैसा पुरवायला निन्टेंडो पुढे आली आणि तो २०१४ मध्ये तिच्या यंत्रावर निघाला. चाहते रागावले, पण निन्टेंडोच्या पैशाशिवाय तो गेम बनलाच नसता, असं बनवणाऱ्यांनीच सांगितलं. दुसरं म्हणजे, एकाच ठरलेल्या यंत्रासाठी काम केलं की गेम घोटून-घासून नीट करता येतो. कॉम्प्युटरचे हजार प्रकार. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' कॉम्प्युटरवर आला, तेव्हा तो अडखळत होता, बंद पडत होता. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या द्याव्या लागल्या.

विरोधकांचं म्हणणं असं, की गेमची किंमत आम्ही मोजतोच, मग त्यासाठी दुसरं यंत्रही घ्यायची सक्ती कशाला? आणि कुलूप निघालं तरी चावी कंपनीकडेच राहते. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' च्या कॉम्प्युटर खेळाडूंना सोनीचं खातं जोडण्याची सक्ती होणार होती. ज्या देशांत सोनीची ही सेवाच नाही, तिथल्या लोकांनी पैसे मोजलेले होते, त्यांनी काय करायचं? ओरड इतकी झाली, की सोनीने सक्ती मागे घेतली.

जिथं पिकतं तिथं विकत नाही

या वादाची झळ आपल्याकडेही पोचली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, देवांनी दिलेली शस्त्रं, राजस्थानी धाटणीचे महाल. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी काम चालू राहिलं. शेवटी १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आला तो फक्त निन्टेंडो स्विचवर, मुदतीचा एक्सक्लुझिव्ह म्हणून.

गंमत अशी, की स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पुण्यात बनलेला गेम खेळायला पुण्यातल्याच माणसाला बाहेरून मागवलेलं यंत्र लागत होतं, नाहीतर थांबायचं. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो ऑक्टोबर २०२० मध्ये आला. स्टुडिओची यात चूक म्हणता येणार नाही. मोठ्या कंपनीच्या मंचावर गेम झळकला, की छोट्या स्टुडिओचं नाव जगभर जातं. पण घरच्या खेळाडूला दोन महिने ताटकळावं लागलं, हेही खरंच.

मग घ्यायचं काय?

- गेमची यादी आधी करा, यंत्र नंतर ठरवा. आवडीचे पाच गेम कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर तो कायमचा एक्सक्लुझिव्ह आहे की मुदतीचा, ते शोधून लिहा. यादीत निन्टेंडोचेच गेम असतील तर कॉम्प्युटरचा उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टचेच असतील तर एक्सबॉक्स घेतलाच पाहिजे असं नाही.
- थांबायची तयारी आहे का, हे विचारा. एकट्याने खेळायचा, गोष्ट सांगणारा गेम वर्षा-दोन वर्षांनी खेळला तरी त्याची चव जात नाही, उलट तोवर किंमत उतरते. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं असेल तर मित्रांकडे काय आहे ते बघा.
- कोणताही कॉम्प्युटर चालत नाही. शाळा-ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवर हे गेम उघडणार नाहीत, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतं. 'होरायझन झीरो डॉन'ला १०० जीबी जागा लागते. कार्डाची किंमत धरूनच कन्सोलशी तुलना करा.
- कन्सोलचा पुढचा खर्च धरा. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती आणि नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांपर्यंत जात होता. विकत घेतलेले बरेच गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी वेगळी.
- डिस्क की डाउनलोड, विचार करा. डिस्क असेल तर गेम संपल्यावर विकता येतो, मित्राला देता येतो, सेकंड हँडही मिळतो. डाउनलोड केलेला गेम खात्याला बांधलेला राहतो, मग तो कन्सोलवर असो की कॉम्प्युटरवर.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. "पुढं येईल कॉम्प्युटरवर" या भरवशावर आज पैसे घालू नका. सोनी आणि मायक्रोसॉफ्टने दारं उघडली ती हिशोब जुळला म्हणून. उद्या हिशोब बदलला तर दार पुन्हा बंदही होऊ शकतं. आज जे यंत्र घ्याल, त्यावर आज मिळणारे गेम तुम्हाला पुरेसे वाटतात का, एवढंच बघा. उत्तर 'हो' असेल तर खुशाल घ्या.