यजमान कोण? : ‘युलिसिस’च्या तीन प्रकाशनसभा

ग्रंथाचा प्रकाशन-समारंभ हा वाङ्मयेतिहासात सामान्यतः तळटीपेचा विषय समजला जातो. ग्रंथ लिहिला गेला, छापला गेला, वाचला गेला. या क्रियांच्या दरम्यान कोणी भाषणे केली आणि कोणी मेजवानी दिली, याने ग्रंथाच्या भवितव्यात काही फरक पडत नाही, अशी त्यामागची धारणा असते. बहुतेक ग्रंथांपुरती ती खरीही असेल. परंतु जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीच्या बाबतीत ती टिकत नाही. १९२१ ते १९२९ या काळात या कादंबरीच्या निमित्ताने पॅरिस व त्याच्या परिसरात तीन प्रसंग साजरे झाले. पहिला ग्रंथ निघण्यापूर्वी, दुसरा तो निघाला त्या दिवशी आणि तिसरा त्याच्या फ्रेंच भाषांतरानंतर. हे तिन्ही प्रसंग एकत्र पाहिले असता ‘समारंभ कोणाचा?’ हा साधा वाटणारा प्रश्न ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. ‘युलिसिस’चे भाग मार्च १९१८ पासून ‘लिटल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकात येत होते. त्यांतील मजकूर अश्लील ठरवून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेब्रुवारी १९२१ मध्ये मार्गारेट अँडरसन व जेन हीप या दोन्ही संपादिकांना प्रत्येकी ५० डॉलर दंड केला. त्यानंतर इंग्रजी भाषेच्या मुलखात या कादंबरीला प्रकाशक मिळण्याची आशा जवळजवळ उरली नाही. अशा वेळी ती छापण्याची जबाबदारी पॅरिसमध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे पुस्तकांचे दुकान चालविणाऱ्या सिल्व्हिया बीच या अमेरिकन स्त्रीने पत्करली. प्रकाशनव्यवसायाचा तिला अनुभव नव्हता आणि हाताशी भांडवलही नव्हते. एक हजार प्रतींची आवृत्ती काढावयाची, कागदाच्या प्रतवारीनुसार तिच्या किंमती ३५०, २५० व १५० फ्रँक ठेवावयाच्या आणि आगाऊ ग्राहक नोंदवावयाचे, अशी तिची योजना होती. एकोणिसाव्या शतकात मराठी ग्रंथकारांना जे आश्रयदाते मिळवावे लागत, त्यांची येथे सहज आठवण व्हावी. आंद्रे जीदने आपले नाव नोंदविले. बर्नार्ड शॉने पत्र पाठवून नकार दिला.

पहिली सभा ७ डिसेंबर १९२१ रोजी भरली. स्थळ होते बीचच्या दुकानासमोरचे, ओदेओं रस्त्यावरील आद्रिएन मोनिए हिचे ग्रंथविक्रीचे दुकान. तेथे सुमारे अडीचशे श्रोते दाटीवाटीने जमले होते. फ्रेंच साहित्यिक वालेरी लार्बो याने कादंबरीवर व्याख्यान दिले, काही उताऱ्यांचे फ्रेंच भाषांतर वाचले गेले आणि एक भाग मूळ इंग्रजीतून ऐकविण्यात आला. स्वतः जॉइस पडद्याआड बसून होता. विशेष हे की, ज्या ग्रंथाविषयी ही सभा होती तो अद्याप छापून पूर्ण झालेला नव्हता. मुद्रितांवरच जॉइस मजकूर वाढवीत होता; ही वाढ अखेरीस जवळजवळ एक तृतीयांशापर्यंत गेली. लार्बोने आपल्या व्याख्यानात होमरच्या ‘ओडिसी’शी या कादंबरीच्या रचनेचे नाते उलगडून दाखविले. ते व्याख्यान एप्रिल १९२२ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याचा काही भाग इंग्रजीतही आला. म्हणजे कादंबरी कशी वाचावी याचा संकेत कादंबरीच्या आधी श्रोत्यांपर्यंत पोहोचला होता. न्यायालयाने ज्या मजकुराला सभ्य समाजात स्थान नाकारले, त्याला येथे एका सभेने कान दिले. ही सभा सत्काराची नसून साक्षीची होती, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

दुसरा प्रसंग २ फेब्रुवारी १९२२ चा. त्या दिवशी जॉइसला चाळीस वर्षे पूर्ण होत होती आणि वाढदिवशी पुस्तक हाती यावे अशी त्याची इच्छा होती. मुद्रक दारांतिएर दीजाँ येथे होता. त्याने दोन प्रती आगगाडीच्या गार्डाकडे सोपविल्या आणि पहाटेच्या गाडीवर जाऊन बीचने त्या ताब्यात घेतल्या. एक प्रत तिने जॉइसला नेऊन दिली, दुसरी दुकानाच्या दर्शनी खिडकीत मांडली. ग्रीक ध्वजाशी मेळ साधणारे निळे वेष्टन आणि त्यावर पांढरी अक्षरे असे तिचे रूप होते. प्रत पाहण्यासाठी दिवसभर गर्दी लोटली. नाव नोंदविलेले ग्राहक आपापली प्रत मागू लागले. विकण्यासाठी मात्र एकही प्रत नव्हती. सायंकाळी एका इटालियन भोजनगृहात जॉइसने कुटुंबीय व मोजके मित्र यांच्यासह भोजन केले. पुस्तकाचे पुडके त्याने खुर्चीखाली ठेवले होते. ते उघडण्याचा आग्रह होऊनही तो संकोचत राहिला आणि भोजन संपत आल्यावरच त्याने दोरी सोडून ग्रंथ मेजावर ठेवला. लेखक व ग्रंथ यांच्या नावाने पेले उंचावले गेले, तेव्हा तो गहिवरला. अशा रीतीने एकाच दिवशी ग्रंथ दोनदा उघड झाला: सकाळी रस्त्यावरच्या अनोळखी माणसांपुढे आणि रात्री आप्तांपुढे. वाङ्मयीन आख्यायिकेने रात्रीचा प्रसंग कौतुकाने जपला आहे. प्रकाशन या शब्दात उजेडात आणण्याचा जो अर्थ आहे, तो मात्र सकाळच्या खिडकीतच सार्थ झाला होता.

तिसरा प्रसंग यानंतर सात वर्षांनी घडला. फ्रेंच भाषांतर फेब्रुवारी १९२९ मध्ये मोनिएने प्रसिद्ध केले आणि २७ जून रोजी पॅरिसबाहेर व्हो-द-सेर्ने येथे भोजनाचा बेत केला. भोजनगृहाचे नाव ‘लेओपोल’ होते, म्हणजे कादंबरीच्या नायकाचेच. पाहुण्यांसाठी खास गाडी ठरविण्यात आली. पोल व्हालेरी, ज्यूल रोमें यांच्यासारखे मान्यवर त्यात होते, आणि सॅम्युएल बेकेट हा तरुणही होता. परतीच्या वाटेवर मद्याच्या अंमलामुळे त्याला मागेच सोडावे लागले. एव्हाना ग्रंथाला साक्षीदारांची गरज उरली नव्हती. आता होता तो केवळ उत्सव.

साक्ष, दर्शन आणि उत्सव असा हा क्रम आहे. यांपैकी कोणत्याही प्रसंगाचे केंद्र जॉइस होता हे निर्विवाद. पण यजमान कोण होते? मराठीत आपण हा शब्द पाहुणचार करणाऱ्याला लावतो. त्याचे मूळ मात्र यज्ञसंस्थेत आहे. पाणिनीय व्याकरणानुसार क्रियेचे फळ कर्त्याला मिळावयाचे असेल तेव्हा ‘यज्’ धातू आत्मनेपदी चालतो. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, म्हणून ‘यजति’. यज्ञाचा खर्च सोसून त्याचे फळ घेणारा ‘यजते’, आणि म्हणूनच तो ‘यजमान’. खर्च आणि फळ यांची सांगड या एका रूपात घातलेली आहे.

‘युलिसिस’च्या इतिहासात ही सांगड सुटलेली दिसते. बीचच्या दुकानाने १९३० पर्यंत या ग्रंथाची अकरा मुद्रणे काढली. त्याच वर्षी झालेल्या कराराने तिला हक्क मिळाले. १९३२ मध्ये तिने ते सोडून दिले. न्यायाधीश वुल्सी यांनी ६ डिसेंबर १९३३ रोजी ग्रंथ निर्दोष ठरविला आणि जानेवारी १९३४ मध्ये ‘रँडम हाऊस’ने अमेरिकेत तो उजळ माथ्याने विकावयास काढला. त्या आवृत्तीच्या उत्पन्नात बीचचा वाटा नव्हता. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तिने या ग्रंथाच्या संदर्भात आपली भूमिका सुईणीची मानली. ही तिची उदारता होती; इतिहासकाराने मात्र ती पुराव्यादाखल स्वीकारण्याचे कारण नाही. सुईण जन्माच्या वेळी येते आणि निघून जाते. बीच व मोनिए यांनी ग्राहक जमविले, श्रोते जमविले, मुद्रकाचे देणे भागविण्याची जबाबदारी घेतली आणि कायद्याने दार लावले असता आपल्या दुकानांची दारे उघडली. त्या यजमानच होत्या. त्यांच्या वाट्याला आलेले रूप मात्र परस्मैपदी होते.